फ्रँक मकूल: बहात्तर सामन्यांचा गोली – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन मोसम, बहात्तर सामने, एक स्टॅनले कप, आणि सत्ताविसाव्या वर्षी सगळं आटोपलं. फ्रँक मकूलच्या कारकिर्दीचा हिशोब एवढ्यात मांडून होतो. आइस हॉकी पाहू लागलेले मराठी मित्र त्याच्याबद्दल वरचेवर विचारतात. कुणी दूध पीत खेळणाऱ्या गोलीची, म्हणजे गोलरक्षकाची, गोष्ट ऐकलेली असते, कुणी सलग तीन शटआउटचा, म्हणजे गोलीने एकही गोल होऊ न दिलेल्या सामन्यांचा, उल्लेख वाचलेला असतो. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मकूल मला मनापासून आवडतो, तेव्हा काही उत्तरं जरा लांबली आहेत.

हा मकूल नेमका कोण?

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरीचा मुलगा. जन्म २७ ऑक्टोबर १९१८. १९४४-४५ आणि १९४५-४६ हे दोन मोसम तो टोरंटो मेपल लीफ्सकडून एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, गोली म्हणून खेळला. पहिल्याच मोसमात त्याला सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी मिळाली आणि त्याच मोसमात संघाने लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनले कप जिंकला. पोटाच्या अल्सरने तो इतका बेजार होता की वर्तमानपत्रांनी त्याचं नावच 'अल्सर्स' मकूल करून टाकलं होतं. आजाऱ्याला आजाराच्या नावाने हाक मारणं मला पटत नाही, पण ते नाव त्याला चिकटलं ते कायमचं.

आइस हॉकीतला गोली आपल्या हॉकीतल्या गोलरक्षकासारखाच ना?

काम तेच, पण जागा फार वेगळी. मैदानी हॉकीचा गोल बारा फूट रुंद आणि सात फूट उंच असतो. बर्फावरचा गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, म्हणजे बराच लहान. त्यात चेंडूऐवजी पक असतो, कडक रबराची सुमारे १७० ग्रॅमची जाड चकती. समोरचा खेळाडू स्केट्सवरून सुसाट येतो, मध्ये आपल्या-त्यांच्या माणसांची गर्दी असते, आणि त्या गर्दीतून पक कधी सुटला हे पुष्कळदा दिसतही नाही. साठ मिनिटं डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं असतं.

मकूलच्या काळात आणखी एक गोष्ट होती. गोलीला मुखवटा नव्हता. मॉन्ट्रियलच्या जॅक प्लांटने १ नोव्हेंबर १९५९ रोजी, तोंडावर पक बसल्यावर, मुखवटा घालूनच परत उतरण्याचा हट्ट धरला आणि तिथून प्रथा बदलली. त्याआधीचे गोली उघड्या चेहऱ्याने पकसमोर उभे राहत. मकूलही तसाच उभा राहिला.

बरं नव्हतं तर दुसऱ्याला का उतरवलं नाही?

दुसरा नसायचाच! मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि मकूलची सगळी गोष्ट या एका उत्तरावर उभी आहे. त्या काळात एनएचएलचे संघ एकच गोली घेऊन सामन्याला उतरत. त्याला लागलं तर खेळ थांबवायचा, टाके घालायचे आणि पुन्हा त्यालाच उभं करायचं. दोन गोली तयार ठेवण्याची सक्ती १९६५ च्या सुमारास आली. तोवर गोलीच्या मागे फक्त जाळं असे.

आघाडीचे खेळाडू मिनिटा-दीड मिनिटाने बदलतात, बाकावर बसून दम खातात. गोली तिथेच उभा असतो. त्याचं पोट दुखलं तरी ते दुखणं त्याने एकट्यानेच काढायचं.

तो टोरंटोत पोचला कसा?

युद्धामुळे. मेपल लीफ्सचा नेहमीचा गोली टर्क ब्रोडा १९४३ मध्ये सैन्यात गेला. संघाचा कर्ताधर्ता कॉन स्मायथ स्वतः तोफखान्याची तुकडी घेऊन युरोपात गेला होता आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीत गंभीर जखमी झाला. देशातल्या सगळ्याच संघांतून खेळाडू कमी झाले होते. मकूल अमेरिकेत स्पोकेनच्या गोंझागा विद्यापीठाकडून आणि नंतर कॅलगरीत लष्कराच्या संघाकडून खेळला होता. अल्सरमुळे सैन्यातून त्याला घरी पाठवलं गेलं. ज्या पोटाने त्याला लढाईपासून दूर ठेवलं, तेच पोट घेऊन तो एनएचएलमध्ये आला.

पहिला मोसम कसा गेला?

ठीकठाक, आणि हे लपवण्याचं कारण नाही. संघाने पन्नास सामने खेळले आणि पन्नासही सामन्यांत गोलमध्ये मकूलच होता. २४ जिंकले, २२ हरले, ४ बरोबरीत सुटले. सामन्यामागे त्याच्यावर सरासरी ३.२२ गोल झाले, चार शटआउट मिळाले. सहा संघांच्या लीगमध्ये टोरंटो तिसरं आलं. त्या वर्षीची सर्वोत्तम गोलीची वेझिना ट्रॉफी मॉन्ट्रियलच्या बिल ड्युर्ननला मिळाली आणि ती योग्यच होती.

मला त्यातला पन्नासचा आकडा महत्त्वाचा वाटतो. पोटात आग पडलेली असताना या माणसाने एकही सामना चुकवला नाही.

उपांत्य फेरीत समोर मॉन्ट्रियल होतं. टोरंटो जिंकेल असं कुणाला वाटत होतं का?

फारसं कुणाला नाही. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने त्या मोसमात पन्नासपैकी फक्त आठ सामने हरले होते. त्यांच्या मॉरिस रिशारने पन्नास सामन्यांत पन्नास गोल केले होते, जे तोवर कुणालाच जमलं नव्हतं. लीगमधले गुणांत पहिले तिघे खेळाडू, एल्मर लाक, रिशार आणि टो ब्लेक, तिघेही एकाच संघात आणि एकाच फळीत.

मकूलने पहिल्याच सामन्यात त्यांना शून्यावर ठेवलं. टोरंटो १-०. दुसरा सामना ३-२. तिसरा मॉन्ट्रियलने ४-१ घेतला, चौथा टोरंटोने अतिरिक्त वेळेत ४-३. पाचव्या सामन्यात मात्र मॉन्ट्रियलने दहा गोल केले. १०-३! एका सामन्यात दहा गोल खाल्लेला गोली पुढच्या सामन्यात कुठल्या मनाने उभा राहत असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. राखीव गोली असता तर प्रशिक्षकाने बहुधा त्यालाच उतरवलं असतं. सहाव्या सामन्यात मकूलच उभा राहिला, टोरंटोने ३-२ जिंकलं आणि मॉन्ट्रियलचा तो बलाढ्य संघ घरी गेला.

सलग तीन शटआउट, तेही अंतिम मालिकेत. हे खरं आहे?

अगदी खरं. अंतिम मालिका डेट्रॉइट रेड विंग्जशी होती, जो संघ आधी चार सामने जिंकेल त्याचा कप. पहिला सामना ६ एप्रिल १९४५ रोजी, टोरंटो १-०. दुसरा ८ एप्रिलला, २-०. तिसरा १२ एप्रिलला, पुन्हा १-०. तीन सामने झाले आणि डेट्रॉइटच्या खात्यात एकही गोल नव्हता. आकड्यांकडे जरा थांबून पाहा. तीन सामन्यांत मिळून टोरंटोचे स्वतःचे गोल फक्त चार होते. म्हणजे मकूलला चुकण्याची मुभाच नव्हती. पहिल्या आणि तिसऱ्या सामन्यात एक जरी पक आत गेला असता तरी बरोबरी झाली असती.

चौथ्या सामन्यात आठ मिनिटं पस्तीस सेकंद झाल्यावर डेट्रॉइटच्या फ्लॅश हॉलेटने अखेर गोल केला. तोवर अंतिम मालिकेतली १८८ मिनिटं ३५ सेकंद मकूलने कोरडी काढली होती.

मग मालिका चारातच संपली असेल?

इथे गोष्ट उलटते. चौथा सामना डेट्रॉइटने ५-३ जिंकला. पाचवा २-०. सहावा अतिरिक्त वेळेत १-०, गोल एडी ब्रुनेटोचा. ३-० ची आघाडी ३-३ झाली. आता डेट्रॉइटचा गोली हॅरी लमली भिंतीसारखा उभा होता, आणि तो केवळ अठरा वर्षांचा होता.

दोन्ही शहरांत तेव्हा एकच आठवण निघत असणार. तीन वर्षांपूर्वी, १९४२ च्या अंतिम मालिकेत, याच दोन संघांमध्ये डेट्रॉइट ३-० ने पुढे होतं आणि टोरंटोने सलग चार सामने जिंकून कप नेला होता. स्टॅनले कपच्या अंतिम मालिकेत असं आजवर त्या एकदाच घडलं आहे. आता तेच उलट्या दिशेने होऊ घातलं होतं, आणि तेही टोरंटोच्या नशिबी.

पाचव्या आणि सहाव्या सामन्यात टोरंटोला एकही गोल करता आला नव्हता, हे विसरू नका. मकूलने सहाव्यात साठ मिनिटांत एकही गोल दिला नव्हता. तरी सामना गेला.

सातव्या सामन्यात तो खेळ मध्येच सोडून आत गेला, हे खरं की दंतकथा?

ही गोष्ट टोरंटोत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि सांगणाऱ्यागणिक तिचे तपशील बदलतात. त्यामुळे आधी पक्कं काय ते सांगतो.

सहावा सामना २१ एप्रिलला टोरंटोत झाला, अतिरिक्त वेळेपर्यंत लांबला. सातवा दुसऱ्याच दिवशी, २२ एप्रिलला डेट्रॉइटच्या ऑलिम्पिया स्टेडियममध्ये होता. मध्ये विश्रांतीचा एक दिवससुद्धा नाही. उशिरापर्यंत खेळायचं, हरायचं, तीनेकशे किलोमीटरांवरच्या दुसऱ्या देशातल्या शहरात जायचं आणि संध्याकाळी पुन्हा गोलमध्ये उभं राहायचं. निरोगी माणसालाही हे जड गेलं असतं.

सामन्यात वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं असतात. पहिल्या सत्रात टोरंटोच्या मेल हिलने गोल केला. १-० ची ती आघाडी तिसऱ्या सत्रापर्यंत टिकली. मग डेट्रॉइटच्या मरे आर्मस्ट्राँगने बरोबरी साधली. ऑलिम्पियातले हजारो लोक उभे राहिले असतील, तो आवाज मी कल्पनेनेच ऐकू शकतो.

सांगितलं जातं ते यानंतरचं. मकूलच्या पोटात असह्य कळ आली आणि तो बर्फ सोडून ड्रेसिंग रूममध्ये गेला. प्रशिक्षक हॅप डे त्याच्यामागे गेला. मकूल आपलं औषध घेत बसला होता. पुढे जमेल का, असं डेने त्याला विचारलं आणि दुसरं कुणी नाही एवढंच त्याला सांगितलं. थोड्या वेळाने मकूल उठला, परत आला आणि खेळ सुरू झाला.

त्या खोलीत शब्द कोणते उच्चारले गेले यावर मी वाद घालणार नाही. 'दुसरं कुणी नाही' हे मात्र शब्दशः खरं होतं.

त्यानंतर बेब प्रॅटने गोल केला, टोरंटो २-१ झालं, आणि उरलेली मिनिटं मकूलने पक आत जाऊ दिला नाही. कप टोरंटोचा. सात सामन्यांत टोरंटोचे गोल नऊ आणि डेट्रॉइटचेही नऊच.

अल्सरवर दूध पिऊन खरंच आराम पडतो का?

हा प्रश्न आपल्याकडून हमखास येतो, कारण आपल्या घरात पित्त उसळलं की पहिला उपाय गार दूध. मकूलही दूध प्यायचा, आणि ते वैद्यकशास्त्राच्या सल्ल्यानेच. शिकागोचे डॉक्टर बर्ट्राम सिपी यांनी १९१५ मध्ये अल्सरसाठी तासातासाला दूध आणि साय, सोबत आम्ल मारणारी पावडर, अशी पद्धत सांगितली होती. पुढची कित्येक दशकं जगभर अल्सरच्या रुग्णांना तेच दिलं गेलं.

दुधाने तात्पुरतं गार वाटतं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम पोटाला आणखी आम्ल सोडायला लावतात, म्हणून थोड्या वेळाने जळजळ परत येते. अल्सर त्याने बरा होत नाही. बहुतेक अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, हे १९८० च्या दशकापासून कळू लागलं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूंचा द्रव स्वतः पिऊन पाहिला आणि आजारी पडले. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. आज जिवाणूमुळे झालेला अल्सर प्रतिजैविकांच्या काही दिवसांच्या कोर्सने जातो.

मकूलच्या वेळी मात्र डॉक्टरांपासून बातमीदारांपर्यंत सगळे एकच सांगत: काळजी फार करतोस, म्हणून पोट बिघडतं. ताणाने दुखणं वाढतं हे खरं, पण दुखण्याचा सगळा दोष त्याच्या स्वभावावर टाकला गेला याचं मला वाईट वाटतं. तो भित्रा नव्हता, त्याच्या पोटात जखम होती.

कुणाला आज तसा त्रास असेल तर दुधावर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर त्याच क्षणी.

कप जिंकल्यावर त्याने खेळ का सोडला?

एका दिवसात सोडला नाही. १९४५ च्या हिवाळ्यात पगारावरून त्याचं आणि क्लबचं जुळेना, त्यामुळे मोसमाच्या सुरुवातीला तो संघात नव्हता. बदली गोलींकडून टोरंटोची सुरुवात वाईट झाली आणि मकूलला परत आणलं गेलं. त्याने २२ सामने खेळले, १० जिंकले, ९ हरले, ३ बरोबरीत. तेवढ्यात युद्धावरून टर्क ब्रोडा परतला आणि आपली जागा घेऊन बसला. कप जिंकलेला संघ त्या वर्षी पाचवा आला, बाद फेरीही गाठू शकला नाही.

मकूलने तिथेच थांबायचं ठरवलं. पोट साथ देत नव्हतं, जागा उरली नव्हती. एकूण हिशोब: ७२ सामने, ३४ विजय, ३१ पराभव, ७ बरोबरी. बाद फेरीचे १३ सामने, आठ विजय, चार शटआउट, आणि हे तेराही एकाच वसंतातले.

युद्धामुळे चांगले खेळाडू बाहेर होते म्हणूनच तो चमकला, असं म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

युद्ध नसतं तर ब्रोडाच्या जागी त्याला संधी मिळाली नसती, हे मान्य. लीगचा दर्जाही उतरला होता. पण रिशार, लाक, ब्लेक हे युद्धकाळात टाकलेले बदली खेळाडू नव्हते. तिघेही पुढे हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेले. हॅरी लमलीही गेला. त्यांच्यासमोर मकूल उभा राहिला आणि जिंकला. रिशारच्या पन्नास गोलांना आपण युद्धकाळातले म्हणून बाजूला ठेवत नाही, मग मकूलच्या तीन शटआउटना का ठेवायचं?

बाकीच्या गोलींनाही असा त्रास व्हायचा का?

व्हायचा. त्यांपैकी दोघांबद्दल सांगतो. बिल ड्युर्ननने सात मोसमांत सहा वेळा वेझिना जिंकली आणि १९५० च्या बाद फेरीत, मालिका चालू असताना, आपल्या मनावरचा ताण सोसवेना म्हणून जागा सोडली. त्याच्याऐवजी जेरी मॅकनील उतरला. ग्लेन हॉलला जवळजवळ प्रत्येक सामन्याआधी उलटी व्हायची. त्याच हॉलने लागोपाठ ५०२ सामने एकही न चुकवता खेळले. ज्यांच्याकडे आपण थंड डोक्याची माणसं म्हणून पाहतो, त्यांची अशी अवस्था होती.

पुढे त्याने काय केलं?

गावी, कॅलगरीला परतला आणि वर्तमानपत्रात गेला. 'कॅलगरी अल्बर्टन' या दैनिकात आधी क्रीडा विभागात लिहिलं, तो विभाग सांभाळला आणि पुढे व्यवस्थापनात वरच्या पदापर्यंत पोचला. ज्या बातमीदारांनी त्याला ते टोपणनाव दिलं, त्यांच्याच धंद्यात त्याने उरलेली उमर काढली. २० मे १९७३ रोजी कॅलगरीतच तो गेला, चोपन्नाव्या वर्षी.

त्याची काही खूण आज बघायला मिळते का?

डेट्रॉइटचं ऑलिम्पिया १९८७ मध्ये पाडलं. टोरंटोचं मेपल लीफ गार्डन्स मात्र कार्लटन स्ट्रीटवर उभं आहे. वरच्या मजल्यावर विद्यापीठाचं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, आहे, खाली लोब्लॉजचं मोठं किराणा दुकान. टोरंटोत राहणारे आपले बरेच लोक तिथे भाजी-दूध घ्यायला जातात. दुकानातल्या एका रांगेत जमिनीवर लाल ठिपका आहे, जुन्या रिंकचा मधला बिंदू तिथे होता. त्या ठिपक्यावर उभं राहून दोन्ही टोकांकडे पाहिलं की मकूलचा गोल साधारण कुठे असेल याचा अंदाज येतो.

दुसरी जागा तिथून फार लांब नाही. स्टॅनले कपावर विजेत्यांची नावं कोरतात, आणि जागा भरली की जुनी पट्टी काढून नवी बसवतात. १९४५ च्या संघाची नावं असलेली पट्टी आता कपावर नाही. ती टोरंटोच्याच हॉकी हॉल ऑफ फेममध्ये ठेवली आहे. हॉल ऑफ फेमच्या मानकऱ्यांत मकूलला घेतलेलं नाही. त्याचं नाव त्या इमारतीत आहे ते त्या पट्टीवर, हॅप डे आणि बेब प्रॅटच्या सोबत.